जिनसेंग घेताना आधी मान बघा

माझ्या पहिल्या जिनसेंगला मुंग्या लागल्या होत्या.

परक्या शहरातल्या एका चिनी औषधांच्या दुकानातून सहा मुळ्या आणल्या होत्या. गोऱ्यापान, जाडजूड, हातपाय फुटल्यासारख्या, लाल कापडाच्या पेटीत दोऱ्याने टाचून बसवलेल्या. दुकानदार म्हणाला, "रानातल्या आहेत, वीस-वीस वर्षांच्या." मी पैसे मोजले आणि पेटी घरी कपाटात ठेवून दिली. हवा दमट झाली तशा मुळ्या बोटांना चिकटायला लागल्या आणि एका सकाळी पेटीच्या कडेने मुंग्यांची रांग दिसली. भिंग लावून पाहिलं तर सालीवर सुईची बारीक बारीक भोकं. ओली मुळी उकळत्या पाण्यातून काढायची, सुयांनी टोचायची, साखरेच्या पाकात मुरवायची आणि वाळवायची. वजन वाढतं, अंग भरल्यासारखं दिसतं. चीनमध्ये हा प्रकार जुना आहे. त्याला ‘थांगशेन’ म्हणजे साखरेचं जिनसेंग असं नावही आहे. नाव सांगून विकलं तर त्यात फसवणूक नाही. मला सांगितलं नव्हतं.

साखर ही तरी त्यातली लहान गोष्ट. त्या सहाही मुळ्यांना मान, म्हणजे डोक्यावरचा देठासारखा बारीक भाग, जवळजवळ नव्हताच. वीस वर्षं रानात काढलेल्या मुळीला बोटाच्या पेराएवढीही मान नाही, एवढ्यावरून पेटी उघडल्या उघडल्या मला कळायला हवं होतं. पण जिनसेंगची मान बघतात हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा घ्यायला निघालेल्यांनी निदान माझ्यापेक्षा बऱ्या तयारीने जावं, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली पायरी: नाव पूर्ण विचारा

‘जिनसेंग’ हा शब्द बाजारात फार सैल हाताने वापरतात. खरं जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स या प्रजातीतल्या वनस्पतींचं मूळ. त्यातल्या तीन जाती बाजारात महत्त्वाच्या. पॅनॅक्स जिनसेंग ही कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्व भागातली. कोरियन आणि चिनी जिनसेंग म्हणतात ते हेच. पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस ही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतली आणि कॅनडाच्या आग्नेय भागातली. तिसरी पॅनॅक्स नोटोजिनसेंग, चिनी नाव सानची. चीनच्या युन्नान प्रांतातला वनशान हा तिचा मुख्य मुलूख. सानची करडी, गाठाळ आणि दगडासारखी टणक असते. चिनी वैद्यकात तिचा वापर रक्तस्राव आणि मुका मार यांसाठी होतो, त्यामुळे शक्तिवर्धक म्हणून जिनसेंग शोधत असाल तर ती तुमची वस्तू नव्हे.

बाकीची ‘जिनसेंगं’ नावापुरती. सायबेरियन जिनसेंग म्हणजे एल्युथेरोकॉकस. कूळ तेच, पण प्रजाती वेगळी, आणि जिनसेंगची ओळख असलेली जिनसेनोसाइडं ही संयुगं त्यात नसतात. भारतीय जिनसेंग म्हणजे आपली अश्वगंधा, वांगी-टोमॅटोच्या कुळातली. पेरूचं जिनसेंग म्हणजे माका, तो तर मोहरीच्या घराण्यातला. अश्वगंधा वाईट म्हणून हे सांगत नाही. अश्वगंधेला जिनसेंगचा भाव देऊ नका, एवढंच. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने पॅनॅक्सखेरीज दुसऱ्या कशालाही ‘जिनसेंग’ म्हणून विकायला बंदी घातली. डबीवर पॅनॅक्स हा शब्द आणि त्यापुढचं जातीचं नाव नसेल, तर डबी खाली ठेवा.

अमेरिकन जिनसेंग चीनच्या दुकानात पोचलं कसं, याची गोष्ट मला फार आवडते. जार्तू नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७११ मध्ये चीनमधून पत्र लिहिलं, त्यात या मुळीचं वर्णन होतं आणि अशाच हवेत कॅनडातही ती सापडेल असा अंदाज. ते वाचून लाफितो या दुसऱ्या पाद्र्याने मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक या मूळ रहिवाशांच्या वस्तीच्या आसपास शोध घेतला आणि १७१६ मध्ये त्याला तिची बहीण सापडली. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेचं ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज १७८४ मध्ये चीनच्या कँटन बंदराला गेलं तेव्हा त्यावर मुख्य माल हीच मुळी होती, सुमारे ३० टन. चिनी वैद्य आशियाई मुळी उष्ण आणि अमेरिकन थंड मानतात, म्हणून दोन्हींना वेगळं गिऱ्हाईक आहे. दुकानात तुम्हाला ‘कोणासाठी हवंय, अंगात उष्णता आहे का’ असं विचारलं तर तो माणूस चौकशा करत नाहीये, कोणती बरणी उघडायची ते ठरवतो आहे.

दुसरी पायरी: ओली, पांढरी की लाल

यात जात बदलत नाही, फक्त प्रक्रिया बदलते. कोरियन भाषेत ओल्या मुळीला सुसाम, नुसती वाळवलेली ती पेक्साम म्हणजे पांढरी, आणि वाफवून वाळवलेली ती होंगसाम म्हणजे लाल. लाल जिनसेंग वेगळ्या रोपाचं असतं असा नवख्यांचा समज असतो. तसं नाही. साधारण शंभर अंशांच्या आसपास दोन-तीन तास वाफवल्यावर साखर आणि प्रथिनांच्या रासायनिक खेळाने ती तांबूस-तपकिरी होते, काचेसारखी कडक होते आणि काही जिनसेनोसाइडांचं रूप बदलतं. आरजी-३ सारखी संयुगं लाल मुळीत म्हणूनच जास्त मिळतात. लाल मुळी टिकतेही जास्त.

ओळखायला शिकायचं असेल तर आधी ओली किंवा साल न काढलेली पांढरी मुळी हाताळा. लाल मुळीवरच्या खुणा वाफेने पुसट होतात, आणि चकत्या किंवा भुकटीवर तर काहीच दिसत नाही. रानटी मुळी म्हणून कोणी चकत्या विकत असेल तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. रानटी मुळीची सगळी किंमत तिच्या अखंड देहात असते. ती कापून कोण विकेल?

तिसरी पायरी: मान वाचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी विद्या इथेच आहे.

जिनसेंगचं रोप दरवर्षी एकच दांडा वर पाठवतं. शरद ऋतूत तो वाळून गळतो आणि जिथून गळला तिथे एक वण राहतो. पुढच्या वर्षीचा डोळा त्या वणाच्या शेजारी, थोडा वर, बहुधा दुसऱ्या बाजूला फुटतो. असं वर्षानुवर्षं होत गेलं की मुळीच्या डोक्यावर एक बारीक, वाकडीतिकडी, खाचाखाचांची देठासारखी मान तयार होते. कोरियन तिला नोएदू म्हणतात, चिनी लूतोउ, आणि प्रत्येक वणाला लूवान म्हणजे ‘लूची वाटी’. खरोखरच वाटीसारखे खोलगट वण असतात ते.

हे वण मोजता येतात. पहिल्या वर्षी वण नसतो, म्हणून वणांच्या संख्येत एक मिळवायचा: चार वण म्हणजे पाच वर्षांची मुळी. अमेरिकेतून रानटी मुळी निर्यात करायची तर ती किमान पाच वर्षांची लागते, आणि तिथले तपासनीसही याच पद्धतीने मोजतात. एक अडचण लक्षात ठेवा. रानातलं रोप एखाद्या वर्षी वर येतच नाही, जमिनीखाली झोपून राहतं, आणि त्या वर्षाचा वण पडत नाही. म्हणून वणांवरून निघतं ते कमीत कमी वय.

आता एक खरी जुनी मुळी डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या कागदावर ठेवलेली, खिडकीचा उजेड, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग. मानेचं टोक जिथे आहे तिथे, ताज्या मुळीवर, पुढच्या वर्षीचा टोकदार डोळा. त्याच्या खाली गेल्या काही वर्षांचे वण, मोठे, स्पष्ट, एकाआड एक. चिनी जाणकार या भागाला ‘घोड्याचे दात’ म्हणतात. त्याखाली वण दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले, फुलांची रास रचावी तसे. आणि अगदी तळाशी, खांद्याला लागून, मान गोल आणि जवळजवळ गुळगुळीत, कारण तिथले वण इतके जुने की झिजून मिटले. या तीन टप्प्यांची मान घाईने घडवता येत नाही. मानेतून कधी कधी बाजूला एक-दोन छोटी मुळं फुटलेली असतात, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, बोराच्या आठोळीसारखी. चिनी व्यापाऱ्यांच्या तोंडी रानटी मुळीचं वर्णन करणारी एक पद्यरचना आहे. लांब मान, दाट वाट्या, बोराच्या आठोळीची उपमुळं, घट्ट साल, बारीक रेघा आणि मोत्यांच्या जटा असा तिचा आशय. खरेदीला जाताना तेवढी पाठ असली तरी पुष्कळ झालं.

शेतातली मुळी चार ते सहा वर्षांत काढतात. तिची मान आखूड, रुंद आणि बसकी, तीन ते पाच मोठे वण झाले की संपली. रानात दरवर्षी पानांचा थर साचत जातो आणि रोपाला उजेडाकडे यायला मान लांबवावी लागते. सपाट वाफ्यात तशी गरज पडत नाही. सुपीक मातीत वाढलेल्या मुळीवर मोठमोठे वण आणि त्यांच्यात रुंद अंतर दिसतं, तर रानात उपाशीपोटी वाढलेलीवर वण बारीक आणि खेटून.

चौथी पायरी: मग अंग, साल आणि जटा

मान पटली तरच खाली उतरा.

खांद्यावर, म्हणजे मान संपून अंग सुरू होतं तिथे, आडव्या वळ्या बघा. ही मुळी दरवर्षी थोडी आकसते आणि डोळ्याला जमिनीत खाली ओढून घेते, त्यामुळे सालीला सुरकुत्या पडतात. जंगलातल्या घट्ट, मुळं भरलेल्या मातीत सावकाश वाढलेल्या मुळीच्या खांद्यावर या वळ्या खोल, बारीक आणि सलग असतात, दोरा गुंडाळल्यासारख्या. शेतातल्या मुळीवरही वळ्या असतात हे आधीच सांगतो, नाहीतर पहिली वळी दिसताच तुम्ही हुरळून जाल. तिथल्या वळ्या उथळ, विरळ, मध्येच तुटणाऱ्या आणि अंगभर पसरलेल्या असतात.

आकाराकडे बघायचं ते असं: भुसभुशीत, दगड वेचून काढलेल्या वाफ्यात मुळी सरळ खाली जाते, म्हणून शेतातली मुळी गाजरासारखी, जाड आणि लांबट. रानात तिला खडे, इतर झाडांची मुळं, उतार असं सगळं चुकवत जायचं असतं. ती आखूड, वाकलेली, दोन तंगड्यांची होते. रंग शेतातल्या मुळीचा फिकट दुधी, रानातल्या मुळीचा मातकट तपकिरी. वाळलेली रानटी मुळी आकाराच्या मानाने हलकी लागते, शेतातली भरीव.

शेवटी जटा. रानटी मुळीची बारीक मुळं थोडी, लांब आणि चिवट असतात, आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे असतात. हेच ते मोती. बोटांच्या चिमटीतून एक जट हलकेच ओढली की ते खडबडीत लागतात. शेतातल्या मुळीच्या जटा झाडूसारख्या दाट, ठिसूळ, आणि मोती तुरळक.

यातली कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नाही. मान लांब पण अंग गोरं आणि गुळगुळीत, किंवा वळ्या सुंदर पण मान बसकी, असं काही दिसलं तर थांबून विचारा. खरी रानटी मुळी सगळीकडून एकच गोष्ट सांगते.

मधल्या मुळ्या, जिथे खरा घोळ होतो

रानटी आणि शेतातली यांच्यामध्ये दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि बाजारात ‘रानटी’ म्हणून येणारा बराच माल याच पायऱ्यांवरचा असतो. जंगलाच्या सावलीत जमीन खणून, वाफे करून लावलेली ती वनलागवडीची मुळी. दिसायला शेत आणि रान यांच्या मधली. जंगलात नुसतं बी टाकून, पुढे खत-पाणी-औषध न देता वाढू दिलेली ती रानासारखी वाढवलेली. चीनमध्ये हिला लिनश्याशेन म्हणजे ‘वनाखालची’ म्हणतात आणि तिथली औषधसंहिता तिला शेतातल्या मुळीपासून वेगळी धरते. कोरियात सान्यांगसाम हे नाव आहे. तिथे ती सरकारी तपासणी करून, तसं लेबल लावूनच विकावी लागते.

दहा-बारा वर्षांची अशी मुळी मान, वळ्या, रंग या सगळ्यांत रानटीला इतकी जवळ जाते, की जाणकारही चुकतात. माझ्या मते नवख्याने उलट हाच प्रकार आवडीने घ्यावा: रानाचं बरंचसं रूप आणि कमी औषधफवारणी मिळते, शिवाय जंगल ओरबाडल्याचं पाप नाही. फक्त भाव रानटीचा देऊ नका.

आणखी एक प्रकार म्हणजे रानातून कोवळी मुळी काढून शेतात लावलेली, किंवा उलट. हिची मान एकसारखी जात नाही. एका टप्प्यापर्यंत वण बारीक आणि दाट, मग एकदम मोठे आणि विरळ. जागा बदलल्याची तारीखच जणू मानेवर लिहिलेली असते.

पाचवी पायरी: बनवाबनवी तपासा

मानेला एवढी किंमत म्हटल्यावर माना जोडणारेही आलेच. शेतातल्या मुळीवर लांब मान चिकटवतात, मान लांबवण्यासाठी दोन माना एकापुढे एक जोडतात, तुटलेल्या जटा डिंकाने लावतात. जोडाच्या जागी भिंगातून चकचकीत रेघ दिसते, सालीच्या रेघा तिथे तुटतात आणि रंगात बारीक फरक असतो. जोड लपवायला त्यावर माती चोपडलेली असते, म्हणून मानेवरच नेमकी माती असलेली मुळी मऊ ब्रशने झाडून दाखवायला सांगा. विकणारा ब्रश द्यायला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालं. कापडावर शिवून बसवलेली मुळीही सोडवून, उलटून बघा. दोऱ्याचे टाके हवे तिथे घालता येतात.

रंगाने फारच पांढरीशुभ्र मुळी असेल तर गंधकाच्या धुरीची शंका घ्या. डबी उघडताच नाकात आंबट, झोंबणारा वास जातो. जिनसेंगचा स्वतःचा वास ओल्या मातीचा, थोडा कडसर. साखरेची मुळी कशी ओळखायची ते वर आलंच: जड, चिकट, टोचलेली, कधी सालीवर साखरेचे कण.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे दुसरंच मूळ. फायटोलॅका नावाच्या वनस्पतीचं जाड मूळ जिनसेंग म्हणून खपवलं गेल्याची उदाहरणं आहेत, आणि ते विषारी आहे, उलट्या-जुलाब होतात. ते आडवं कापलं तर एकात एक अशी अनेक वर्तुळं दिसतात. जिनसेंगच्या कापावर एकच पिवळसर-तपकिरी कडं असतं, आतला भाग पिठूळ, आणि बाहेरच्या सालीच्या पट्ट्यात राळेचे बारीक पिवळे-तांबूस ठिपके. त्यामुळे अनोळखी माल आधी कापून बघावा, चव नंतर. खरी मुळी चावली की आधी कडू लागते आणि मग जिभेच्या मागे गोडवा रेंगाळतो. जीभ झोंबली किंवा बधिर झाली तर थुंकून टाका.

सहावी पायरी: लागवडीची मुळी, पण चांगली

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी लागवडीच्या मुळीचीच असावी. रानटी मुळीला लोक जे पैसे मोजतात ते बव्हंशी ती दुर्मिळ आहे म्हणून. वाळलेली रानटी अमेरिकन मुळी पौंडाला शेकडो डॉलरला जाते, शेतातली त्याच्या कितीतरी खाली.

कोरियात गमसान हे जिनसेंगचं गाव. तिथल्या बाजारात ओली मुळी ‘छे’ या मापाने मिळते, एक छे म्हणजे ७५० ग्रॅम. ओली घेताना अंग दाबून बघा. कडक, रसरशीत हवी. गंजासारखे तांबडे डाग, मऊ पडलेली जागा किंवा पोकळ आवाज नको. सप्टेंबर-ऑक्टोबर हा काढणीचा काळ, तेव्हा सर्वांत ताजी मिळते. लाल मुळीसाठी सहा वर्षांची निवडतात. तिची प्रत तीन नावांनी सांगतात: चॉनसाम म्हणजे आकाशाची, चीसाम म्हणजे पृथ्वीची, आणि यांगसाम म्हणजे चांगली. हे आकाश-पृथ्वी प्रकरण मुख्यतः मुळीच्या पोटावर ठरतं: आत पोकळी किंवा पांढरट न शिजलेला गाभा नसेल तर आकाश. त्याच डबीवर १०, २०, ३० असे आकडे दिसतात. ते ६०० ग्रॅममध्ये किती मुळ्या बसतात ते सांगतात, म्हणून आकडा लहान तर मुळी मोठी. मी पहिल्यांदा मोठा आकडा म्हणजे वरची प्रत समजून चाललो होतो.

आता एक पैसे वाचवणारी गोष्ट. जिनसेनोसाइडांचं प्रमाण जाड अंगापेक्षा बारीक मुळांत जास्त असतं. कोरियात या शेपट्यांना मीसाम म्हणतात आणि त्या अंगापेक्षा स्वस्त असतात. माणसाच्या आकाराची देखणी मुळी भेट द्यायला घ्या. चहात उकळायला शेपट्या भरपूर झाल्या. चीनमधलं नावच मुळी रनशेन, त्यात ‘रन’ म्हणजे माणूस, म्हणून हातपायांची हौस; पण कपात हातपाय उतरत नाहीत.

अमेरिकन मुळी घ्यायची तर शेतातला माल मुख्यतः विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅरेथॉन काउंटीचा, आणि कॅनडाच्या ऑन्टारियोचा. विस्कॉन्सिनच्या उत्पादकांच्या मंडळाची मोहर पाकिटावर असते, ती बघा; त्या नावाची नक्कल बरीच होते. मुळी आखूड, टणक, आडव्या वळ्यांची असेल तर चांगली, लांब आणि गुळगुळीत असेल तर दुय्यम असा तिथला ढोबळ हिशेब.

सावलीच्या छपराखाली, दमट मातीत दाटीने वाढणाऱ्या या पिकाला बुरशी फार लागते. एकदा जिनसेंग काढलेल्या जमिनीत ते पुन्हा नीट येत नाही, इतकी. म्हणून बुरशीनाशकं फवारतात, आणि म्हणूनच भुकटी, अर्क किंवा गोळ्या घेताना कीटकनाशक-बुरशीनाशकांच्या अंशाचा आणि शिसं-कॅडमियमसारख्या धातूंचा चाचणी अहवाल मागायचा. क्विंटोझिन या बुरशीनाशकाचं नाव त्यात आहे का बघा. अहवालात जिनसेनोसाइडांचे आकडेही असतात. चिनी औषधसंहितेप्रमाणे आशियाई मुळीत आरजी-१ आणि आरई मिळून किमान ०.३० टक्के आणि आरबी-१ किमान ०.२० टक्के हवं. अमेरिकन मुळीत तिन्ही मिळून २ टक्के. कोरियन लाल जिनसेंगच्या बाटलीवर आरजी-१, आरबी-१ आणि आरजी-३ यांची मिळून मिलिग्रॅममधली बेरीज लिहिलेली असते. नुसतं ‘जिनसेंग १००० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर ती भुकटी की अर्क हेच कळत नाही, मग भाव कसा जोखणार?

आशियाई म्हणून अमेरिकन किंवा उलट दिलं असेल, तर डोळ्यांनी पकडणं कठीण. प्रयोगशाळेत मात्र सोपं: आरएफ हे संयुग आशियाई मुळीत असतं आणि अमेरिकन मुळीत नसतं, एफ-११ चं नेमकं उलट.

सातवी पायरी: रानटीच हवी असेल तर कागद बघा

अमेरिकन जिनसेंग १९७५ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि रशियातली आशियाई जिनसेंगही त्याच परिशिष्टात आली. अखंड मुळी, तुकडे, चकत्या देशाबाहेर न्यायच्या तर परवाना लागतो; भुकटी, गोळ्या, चहा यांना नाही. अमेरिकेत १९ राज्यांतून रानटी मुळी निर्यात होऊ शकते. बहुतेक ठिकाणी काढणी १ सप्टेंबरपासून, रोपाला किमान तीन पंजे म्हणजे तीन संयुक्त पानं हवीत, आणि लाल फळं तिथेच मातीत पुरावी लागतात. इलिनॉयमध्ये वयाची अट दहा वर्षांची आहे. राज्याने दिलेला वजन-प्रमाणपत्राचा कागद परवानाधारक व्यापाऱ्याकडे असतो, तो दाखवायला सांगा. कॅनडाची रानटी मुळी कोणी देऊ केली तर बोलणं तिथेच थांबवा. तिथे तिची काढणी आणि निर्यात दोन्ही बंद आहेत.

कोरियात डोंगरातून सानसाम म्हणजे रानटी जिनसेंग शोधणाऱ्यांना शिममानी म्हणतात. मुळी दिसली की ते "शिम ब्वात्ता!" म्हणजे "शिम दिसली!" असं ओरडतात; शिम म्हणजे जिनसेंगच. त्या आरोळीची किंमत तुमच्या पावतीत धरलेली असते, तेव्हा कोणत्या डोंगरावर, कोणत्या वर्षी, कोणी काढली हे विचारायला लाजू नका.

घरी आणल्यावर

ओली मुळी धुऊ नका. माती असू द्या, ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वापरा. वाळलेली हवाबंद बरणीत, अंधारात, कोरड्या जागी. किडे तिला आवडीने खातात, म्हणून महिन्यातून एकदा बरणी उघडून तळाशी भुसा पडलाय का बघा. कडक मुळी चाकूने कापायला जाल तर बोट कापेल. दहा मिनिटं वाफ द्या, मऊ झाली की पातळ चकत्या निघतात.

सुरुवातीला दिवसाला एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि ती सकाळी. संध्याकाळी घेतली तर काहींची झोप उडते. रक्त पातळ करण्याचं वॉरफरिन, मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरणी उघडूच नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घेत असल्याचं आधी सांगा.

आणि घेतलेल्या मुळीची मान फेकू नका. मी आता प्रत्येक खरेदीतली एक मान चिठ्ठी लावून छोट्या डबीत ठेवतो: कुठली, किती वर्षांची म्हणून सांगितली, वण किती निघाले. पुढच्या वेळी दुकानात जाताना ती डबी खिशात असते.